सेल्फ फिरतो, पण गाडी उठत नाही: जुन्या डिझेल ट्रकचा बिघाड कसा शोधाल?

पहाटेचे चार वाजलेत. गाडीत माल भरलेला आहे, मार्केट उघडायच्या आत पोहोचायचं आहे. ड्रायव्हर चावी फिरवतो, सेल्फ घरघरतो, पण इंजिन काही पकडत नाही. आठ-दहा वेळा सेल्फ मारल्यावर बॅटरीही बसते. मग मिस्त्रीला फोन. मिस्त्री गाडी न बघताच सांगतो, "पंप गेला असेल, उतरवावा लागेल." एकाच गाडीवर घर चालवणाऱ्या मालकाला हे ऐकून घाम फुटतो. पंप उतरवणे, पंपवाल्याकडे नेणे, पुन्हा बसवणे म्हणजे गाडी दोन-तीन दिवस उभी. भाडं गेलं, हप्ता मात्र थांबत नाही.

म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुन्या ट्रकमध्ये डिझेल पंपावर संशय सर्वात शेवटी घ्यायचा. आधी बॅटरी, मग टाकी, पाईप, फिल्टर आणि मग पंप. या क्रमाने गेलं तर बऱ्याचदा दोष एखाद्या वॉशरमध्ये किंवा सैल क्लिपमध्ये सापडतो.

ही माहिती साध्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे जुन्या ४०७, ७०९, १६१३ किंवा तशाच जुन्या लेलँड गाड्या. सेन्सर आणि कॉमन रेल असलेल्या नव्या गाड्यांचं काम वेगळं असतं.

सेल्फचा आवाज ऐका

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलचा फवारा पडला की डिझेल पेटतं. म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरलंच पाहिजे. हळू फिरलं तर हवा तापत नाही आणि डिझेल असूनही गाडी उठत नाही.

हेडलाईट लावून सेल्फ मारा. लाईट एकदम मंद झाली आणि नुसती "टक-टक" आली, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल खराब आहे. लाईट तशीच राहिली आणि सेल्फ गप्प, तर चावीचा स्विच, वायर किंवा सेल्फचा सोलेनॉइड बघा. १२ व्होल्टची चांगली चार्ज झालेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती १० च्या खूप खाली जात असेल तर तिथेच दोष आहे. मोठ्या गाडीत दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट होतात. अशा वेळी दोन्ही वेगवेगळ्या तपासा, एक खराब असली तरी सेल्फ सुस्त होतो.

इंजिन ते चेसिस जाणारी अर्थची पट्टी बहुतेक जण विसरतात. ती गंजली किंवा सैल झाली की नवी बॅटरीही काम देत नाही. सेल्फ मारून झाल्यावर जोडांना हात लावून बघा. जो जोड तापलाय, तोच उघडून साफ करा.

धूर काय सांगतो?

सेल्फ जोरात फिरतोय, तर सायलेन्सरकडे एका माणसाला उभं करा.

धूर अजिबात नाही: नोझलपर्यंत डिझेल पोहोचत नाही. आधी इंजिन बंद करायची केबल बघा. ती ओढलेली राहते, पंपाचा लिव्हर "बंद" वरच अडकतो आणि सगळे विनाकारण फिल्टर खोलत बसतात.

पांढरा धूर: डिझेल पोहोचतंय, पण पेटत नाही. सेल्फ हळू फिरतोय, थंडी जास्त आहे, टायमिंग चुकलंय किंवा कॉम्प्रेशन कमी झालंय.

काळा धूर: डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर काढून बघा.

डिझेलमध्ये हवा

रात्री गाडी ठीक उभी केली आणि सकाळी उठत नाही, ही सर्वात जुनी तक्रार. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे या भागात बारीक चीर असली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीत परत उतरतं आणि सकाळी लाईन रिकामी मिळते.

एअर काढायची पद्धत अशी. फिल्टरवरचा एअर स्क्रू थोडा सैल करा, फीड पंपाचा हँडपंप मारत राहा. फेस येईल, बुडबुडे येतील. स्वच्छ डिझेलची धार आली की स्क्रू घट्ट करा. मग डिझेल पंपावरच्या स्क्रूला तेच करा. तरीही उठली नाही तर नोझलकडच्या पाईपचे नट अर्धा-एक आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल आलं की आवळा. कॉमन रेल गाडीत हा प्रयोग कधीही करू नका. तिथला दाब हजार बारच्या वर जातो.

एअर काढल्यावर गाडी उठली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तर दोष शोधायचा राहिलाय. तेव्हा एका स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, फीड पंपाचा नळा थेट त्यात सोडा आणि गाडी चालू करा. कॅनवर व्यवस्थित चालली तर पंप चांगला आहे, बिघाड टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये आहे. नळ्याच्या क्लिपा, तांब्याचे वॉशर, टाकीतली जाळी एकेक करून तपासा.

चालता चालता बंद पडते

अर्धा-पाऊण तास चालून बंद पडते, थोडं थांबलं की पुन्हा चालते? टाकीचं झाकण उघडा. "सुस्स" करून हवा आत गेली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. खर्च शून्य.

घाट चढताना दम तोडते, सपाटीवर ठीक चालते, तर फिल्टर किंवा टाकीतली जाळी चोक आहे, नाहीतर फीड पंप कमी डिझेल देतोय. पावसाळ्यात झटके देत असेल तर फिल्टरच्या खालचा ड्रेन सोडून पाणी निघतंय का बघा.

थंड असताना लगेच उठते आणि तापल्यावर सेल्फ जोरात फिरूनही उठत नाही, तेव्हा मात्र पंपाचे प्लंजर झिजल्याची शंका खरी असू शकते. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या जागेतून परत जातं. तापलेल्या पंपावर गार पाणी मात्र ओतू नका, आतले भाग अडकू शकतात.

जिवाशी खेळ नको

उतारावर इंजिन बंद पडलं तर पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि एअर ब्रेकची टाकी भरणं थांबतं. पुन्हा पुन्हा ब्रेक मारून हवा संपवू नका. गाडी गिअरमध्ये ठेवूनच बाजूला घ्या, हँडब्रेक लावा, चाकाला दगड लावा आणि मागे त्रिकोण ठेवा. निघताना तो दगड रस्त्यावरून उचला, मागून मोटारसायकलवाला येत असतो.

एअर फिल्टरमध्ये पेट्रोल किंवा स्प्रे मारून गाडी उठवणे बंद करा. यात पिस्टन फुटतो, माणूसही भाजतो. चालू इंजिनात नोझलच्या पाईपची गळती बोटाने तपासू नका. ती बारीक धार कातडीत घुसते, आणि तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदच मारा, मध्ये किमान एक-दोन मिनिटं थांबा.

शेवटी मिस्त्रीकडे जावं लागलंच तर नुसतं "गाडी चालत नाही" म्हणू नका. थंड असताना की गरम, धूर कोणता, कॅनवर चालली की नाही, एवढं सांगा. चांगला उस्ताद यावरूनच अर्धं काम ओळखतो. आणि जो हे काही न विचारता थेट पंप उतरवायला पाना उचलतो, त्याला जरा थांबवा.