विश्लेषण : सकाळी शंभर टक्के, संध्याकाळी लाल! फोनची बॅटरी नेमकी कुठे जाते?

लोकलचे तिकीट फोनमध्ये, भाजीचे पैसे फोनमधून, डिलिव्हरीची ऑर्डर फोनवर आणि बँकेचा ओटीपीही फोनवरच. अशा वेळी बॅटरी तीन टक्क्यांवर आली की अनेक कामे एकदम अडतात. फोन नवा असताना रात्रीपर्यंत सहज पुरणारी बॅटरी दीड-दोन वर्षांत दुपारीच मान टाकते, ही तक्रार घरोघरी आहे. त्यावरचे उपायही घरोघरी आहेत आणि त्यातले निम्मे चुकीचे आहेत. बॅटरी ‘उतरणे’ आणि बॅटरी ‘खराब होणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जुना नोकिया आठवडाभर चालायचा, मग आताचा फोन का नाही?

२००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० मध्ये ८५० एमएएचची बॅटरी होती. आजच्या साध्या स्मार्टफोनमध्ये ५००० एमएएचची असते. पण एमएएच हे पूर्ण माप नव्हे, त्याला व्होल्टने गुणले की खरी ऊर्जा कळते. त्या हिशेबाने जुन्या नोकियात सुमारे ३ वॉट-तास ऊर्जा होती, आजच्या फोनमध्ये सुमारे १९ वॉट-तास असते. म्हणजे सहापट.

फरक पडला तो खर्चात. जुना फोन बहुतांश वेळ नुसता पडून असायचा. छोटा काळा-पांढरा पडदा बंद, मेंदू जवळपास झोपलेला आणि अधूनमधून टॉवरला ‘मी इथे आहे’ एवढाच निरोप. आजच्या फोनचा पडदा दिवसातून कित्येक तास उजळलेला असतो. त्याच्या मागे प्रोसेसर, जीपीएस, वाय-फाय, ब्लूटूथ आणि सतत काहीतरी आणणारी-पाठवणारी डझनभर ॲप. भर उन्हात पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून नकाशा चालू ठेवला आणि फोन ४ वॉट खाऊ लागला, असे धरले तर १९ वॉट-तासांची बॅटरी पाच तासही पुरणार नाही. यात बिघाड काही नाही, हा साधा भागाकार आहे.

बॅटरीचे तंत्र मागे पडले का?

प्रोसेसरच्या तुलनेत, होय. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली सोनी कंपनीने, १९९१ मध्ये. या बॅटरीचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. सुरुवातीच्या बॅटऱ्यांमध्ये एका किलो वजनामागे साधारण ८० वॉट-तास ऊर्जा मावत असे. आज चांगल्या बॅटरीत २५० ते ३०० मावते. तीस वर्षांत तीन-साडेतीनपट. याच काळात चिप किती पटींनी वेगवान झाल्या, हे सांगायला नको. चिपवरचे भाग लहान करता येतात, लिथियमचा अणू लहान करता येत नाही.

घाटात, गावात बॅटरी भराभर का उतरते?

कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. फोन फारसा वापरलेलाही नसतो, तरी रत्नागिरी येईपर्यंत बॅटरी अर्धी. या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत. प्रत्येक बोगद्यात नेटवर्क जाते, बाहेर आल्यावर फोन पुन्हा टॉवर शोधतो, सापडला की नोंदणी करतो, तोवर पुढचा बोगदा.

टॉवर जवळ असला की फोन अगदी क्षीण लहरींवर काम भागवतो. टॉवर लांब असला की तो ‘ओरडून’ बोलतो. ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॉट ताकदीने लहरी सोडतो. आकडा छोटा वाटतो, पण तेवढी ताकद निर्माण करणारा भाग बॅटरीतून त्याच्या काही पट ऊर्जा ओढतो. शिवाय सिग्नल कमकुवत असला की तोच व्हिडीओ किंवा फोटो यायला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ रेडिओ जागा राहतो. दोन सिमकार्डे असतील तर दोन्हींसाठी हीच धावपळ. ५जीचा सिग्नल धड येत नसलेल्या ठिकाणी फोन ४जी आणि ५जी यांच्यात उड्या मारत राहतो, त्याचाही खर्च वेगळा. अशा पट्ट्यात तात्पुरते ४जीवर जाणे किंवा सरळ फ्लाइट मोड लावणे हे पन्नास ‘बॅटरी सेव्हर’ ॲपपेक्षा उपयोगी ठरते.

बॅटरी ‘म्हातारी’ होते म्हणजे नेमके काय?

बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट असते, दुसऱ्या बाजूला कोबाल्टसारख्या धातूचे ऑक्साइड. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, फोन वापरताना ते परत येतात. ही ये-जा शंभर टक्के प्रामाणिक असती तर बॅटरी कधीच खराब झाली नसती. पण प्रत्येक फेरीत थोडे लिथियम वाटेतच अडकते. ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा तयार होतो. तो संरक्षक असतो, त्याच्याशिवाय बॅटरी चालणारच नाही. मात्र तो वर्षागणिक जाड होतो आणि कामाचे लिथियम गिळत जातो.

म्हणून कंपन्या बॅटरीचे आयुष्य ‘सायकल’मध्ये सांगतात. एकूण शंभर टक्के वापर म्हणजे एक सायकल. आज पन्नास आणि उद्या पन्नास टक्के वापरले तरी ती एकच. आयफोन १४ पर्यंतच्या फोनसाठी ॲपलचा दावा ५०० सायकलनंतर ८० टक्के क्षमता उरण्याचा होता, आयफोन १५ पासून तो १००० सायकलचा झाला. रोज एकदा पूर्ण बॅटरी संपवणाऱ्याच्या ५०० सायकल दीड वर्षात होतात. तक्रारी नेमक्या त्याच सुमारास का सुरू होतात, याचे उत्तर यात आहे.

क्षमतेबरोबर आणखी एक गोष्ट बिघडते. बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा उघडला, फ्लॅश लागला की फोन एकदम जास्त प्रवाह मागतो. जुन्या बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यात कोसळतो आणि पडद्यावर २० टक्के दिसत असतानाच फोन बंद पडतो. चार्जर लावला की पुन्हा २० टक्के! फोन खोटे बोलत नसतो, ऊर्जा आत असते, ती हवी त्या वेगाने बाहेर येत नाही.

याच कारणावरून ॲपल अडचणीत आली होती. असे अचानक बंद पडणे टाळण्यासाठी कंपनीने जुन्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअर अपडेटमधून गुपचूप कमी केला. डिसेंबर २०१७ मध्ये ते कबूल करावे लागले. फ्रान्समध्ये २०२० साली अडीच कोटी युरोचा दंड झाला, तर अमेरिकेत ग्राहकांशी ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. तांत्रिकदृष्ट्या निर्णय अगदीच चुकीचा नव्हता. पण नवी बॅटरी टाकली की फोन पुन्हा पळेल, हे ग्राहकाला सांगितले गेले नाही. फोन संथ झाला म्हणून अनेकांनी नवा घेतला, हा खरा आक्षेप होता.

विदर्भातला मे महिना आणि दुचाकीच्या हँडलवरचा फोन

बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू चार्जिंग नव्हे, उष्णता आहे. फोनसाठी १६ ते २२ अंश सेल्सिअस तापमान उत्तम आणि ३५ अंशांपुढे बॅटरीची क्षमता कायमची घटू शकते, असे ॲपल स्वतः सांगते. नागपूर, चंद्रपूर, अकोल्यात मे महिन्यात सावलीतच ४४-४५ अंश असतात.

लिथियम-आयन बॅटरी नुसती ठेवून दिली तरी तिचे काय होते, याचे अभियंत्यांत सर्रास वापरले जाणारे आकडे बोलके आहेत. २५ अंशांत, ४० टक्के चार्ज करून वर्षभर ठेवली तर क्षमता सुमारे ४ टक्के घटते. तीच पूर्ण चार्ज करून ठेवली तर २० टक्के. आणि ४० अंशांत पूर्ण चार्ज करून ठेवली तर तब्बल ३५ टक्के. यात वापर शून्य धरला आहे.

आता डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचा फोन डोळ्यांसमोर आणावा. हँडलवरच्या होल्डरमध्ये थेट उन्हात, नकाशा चालू, पडदा पूर्ण उजळलेला, जीपीएस आणि डेटा सुरू. बॅटरी संपत आली म्हणून गाडीच्या यूएसबीवरून किंवा पॉवर बँकेवरून त्याच वेळी चार्जिंगही सुरू. बॅटरी मारण्याचे सगळे मार्ग एकाच वेळी. घरात बसून फोन वापरणाऱ्याची बॅटरी तीन वर्षे टिकेल, तर त्याची वर्षभरात थकू शकते. आणि फोन मध्येच बंद पडला तर ऑर्डर जाते, त्या दिवसाची कमाईही जाते. होल्डरला उन्हापासून आडोसा करणे, नकाशाचा आवाज चालू ठेवून पडदा बंद करणे आणि चार्जिंग थांब्यावर सावलीत करणे, एवढे जमले तरी फरक पडतो. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवण्याचा उद्योग मात्र करू नये. आत बाष्प जमते.

कोणते सल्ले विसरायला हवेत?

‘बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करा’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. त्या बॅटऱ्यांना अर्धवट चार्जिंगची ‘सवय’ लागायची. लिथियमला लागत नाही, उलट शून्यापर्यंत नेणे तिला मानवत नाही. ‘नवा फोन आठ तास चार्ज करा’ हाही त्याच काळातला.

रात्रभर चार्जिंगला लावल्याने बॅटरी ‘जास्त भरत’ नाही, भरली की फोन प्रवाह थांबवतो. तोटा वेगळा आहे. शंभर टक्क्यांवर व्होल्टेज सर्वाधिक असतो आणि तासन्‌तास त्या ताणाखाली राहिल्याने झीज वाढते. त्यात फोन उशीखाली असेल तर उष्णतेची भर. अनेक फोनमध्ये आता ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आहे. दिवसभर चार्जर हाताशी असलेल्या ऑफिसातल्यांनी ती जरूर वापरावी. ज्याला सकाळी सहाला निघून रात्री दहाला घरी यायचे आहे, त्याने खुशाल शंभर टक्के करावे. फोन माणसासाठी आहे, माणूस बॅटरीसाठी नाही.

उघडी ॲप सारखी सरकवून बंद करण्यानेही काही वाचत नाही. पार्श्वभूमीतली बहुतेक ॲप गोठवलेली असतात, ती नव्याने उघडायलाच जास्त ऊर्जा लागते. डार्क मोडचा गवगवाही बेताने घ्यावा. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात ओएलईडी पडद्यावर, घरात वापरतो तेवढ्या ३० ते ५० टक्के उजेडात बचत केवळ ३ ते ९ टक्के आढळली. उजेड पूर्ण वाढवलेला असताना मात्र ती ३९ ते ४७ टक्के होती. म्हणजे डार्क मोड उन्हात कामाचा. एलसीडी पडद्याच्या स्वस्त फोनमध्ये तर जवळपास निरुपयोगी, कारण मागचा दिवा पेटलेलाच असतो.

फास्ट चार्जिंगने बॅटरी लगेच मरते, हेही अर्धसत्य. पहिला अर्धा भाग वेगाने भरून पुढे फोन स्वतःच वेग कमी करतो. चार्ज करताना गेम खेळू नये, एवढे पाळले तरी बरेच.

१०,००० एमएएचची पॉवर बँक फोन दोनदा का भरत नाही?

ही फसवणूक नव्हे, पण जाहिरातीची हुशारी नक्की आहे. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर वीज ५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबाने येते, त्या रूपांतरात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. पॉवर बँकेच्या पाठीमागे बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ सहा हजारांच्या आसपास लिहिलेली असते, ती खरी मानावी. फोन भरतानाही थोडी गळती होते. ५००० एमएएचचा फोन त्यातून जेमतेम दीडदा भरतो. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची, म्हणजे साधारण २७,००० एमएएचची पॉवर बँक चालते, तीही केबिन बॅगेतच.

बॅटरी बदलायची की फोन?

फोनचे बाकी काम ठीक असेल आणि अपडेट मिळत असतील तर बॅटरी बदलणे केव्हाही स्वस्त. अडचण अशी की आता मागचे झाकण नखाने उघडत नाही, बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते. गल्लीतल्या दुकानात ‘ओरिजिनल’ म्हणून मिळणारी बॅटरी कुठून आली, हे अनेकदा दुकानदारालाही माहीत नसते. लिथियम सेल आणि पॉवर बँक भारतीय मानक ब्युरोच्या अनिवार्य नोंदणीखाली येतात. त्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो. नुसता छापलेला शिक्का पाहून समाधान मानू नये.

युरोपीय संघाने या प्रश्नाला कायद्याने हात घातला आहे. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनची बॅटरी ८०० सायकलनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखणारी हवी. १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांची बॅटरी ग्राहकाला साध्या साधनांनी काढता यावी, असा नियम लागू होत आहे. अधिक टिकाऊ आणि पाण्यापासून सुरक्षित फोनना त्यात सवलत आहे, त्यामुळे महागड्या फोनचे झाकण नखाने उघडेलच असे नाही. भारतात दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले, पण बॅटरी किती सायकल टिकावी याचे असे बंधन इथे नाही.

दरम्यान, ६००० ते ७००० एमएएचचे सडपातळ फोन भारतात दिसू लागले आहेत. त्यांच्या ग्रॅफाइटमध्ये सिलिकॉन मिसळलेले असते. एका ग्रॅम ग्रॅफाइटमध्ये सैद्धांतिकदृष्ट्या ३७२ एमएएच मावतात, सिलिकॉनमध्ये साडेतीन हजारांहून अधिक. पण लिथियम शोषताना सिलिकॉन सुमारे तिप्पट फुगते आणि त्याला तडे जातात, म्हणून त्याचे प्रमाण अजून बेताचेच ठेवले जाते.

फोनचे झाकण किंवा पडदा उचलल्यासारखा वाटू लागला तर मात्र थांबू नये. बॅटरीत वायू साठून ती फुगली आहे, असा त्याचा अर्थ. चार्जिंग तात्काळ बंद करावे, फोन गादीवर किंवा कपाटात ठेवू नये, बॅटरी दाबू किंवा टोचू नये आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकण्याऐवजी सर्व्हिस सेंटर किंवा ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. घंटागाडीत चेपल्या गेलेल्या लिथियम बॅटरीने पेट घेतला, तर ती आग पाणी ओतूनही सहजासहजी विझत नाही.