युद्धानंतरचे वर्ष : १९७२ मधील राष्ट्रजीवन आणि महाराष्ट्र

१. प्रास्ताविक

साहित्याच्या एखाद्या कालखंडाची पार्श्वभूमी पाहताना आपण युद्धांच्या तारखा नोंदवून पुढे जातो. परंतु युद्ध ज्या दिवशी थांबते त्या दिवशी त्याचे परिणाम थांबत नाहीत. १६ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात शरणागती पत्करली आणि बांगलादेश स्वतंत्र झाला. मार्च १९७२ मधील विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने महाराष्ट्रात २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. २ जुलैच्या सिमला कराराने शांततेचा मार्ग आखला गेला. तरीही याच वर्षी महाराष्ट्रात असंतोषाचे तीव्र सूर उमटले. ते का, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

२. मरोळच्या पत्त्यावरील पाकीट

अंधेरीच्या पूर्वेकडील मरोळ हा विमानतळाच्या शेजारचा भाग. युद्धाच्या दिवसांत मुंबईत रात्री अंधार पाळला जाई. खिडक्यांना काळे कागद चिकटवले जात, मोटारींच्या दिव्यांवर काळा रंग दिला जाई. युद्ध थांबले आणि दिवे पुन्हा लागले. मात्र १९७२ मध्ये मरोळच्या पत्त्यावर येणाऱ्या साध्या पाकिटावरही युद्धाची खूण शिल्लक होती.

ही खूण म्हणजे नेहमीच्या टपालखर्चाखेरीज लावावे लागणारे ५ पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट. पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले होते. त्यांच्या साहाय्यासाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून हा कर सुरू झाला. प्रारंभी कुटुंब नियोजनाच्या तिकिटावरच जादा अक्षरे छापून काम भागवले गेले. पुढे स्वतंत्र तिकीट निघाले. युद्धानंतर निर्वासित मायदेशी परतू लागले, पण कर मार्च १९७३ अखेरपर्यंत चालू राहिला.

त्याच पाकिटावर दुसरी खूण १५ ऑगस्ट १९७२ पासून दिसू लागली. त्या दिवशी देशात सहा अंकी पिन कोड आला आणि ‘मुंबई ५९’ असा लिहिला जाणारा मरोळचा पत्ता ४०० ०५९ झाला. या योजनेचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी व संस्कृतचे कवी होते. एका खुणेत शासनाने नागरिकाकडून घेतलेला वाटा दिसतो. दुसरीत प्रत्येक घरापर्यंत पोहोचण्याची शासनाची आकांक्षा दिसते.

३. विजय आणि दुष्काळ

असे पाकीट देशावरील एखाद्या गावातून आलेले असेल, तर आतील मजकूर पावसाविषयी असणे स्वाभाविक होते. आधीची दोन वर्षे पाऊस अपुरा झाला होता. १९७२ चा पावसाळाही कोरडा गेला आणि खरीप बुडाले. युद्धाच्या सुमारास अमेरिकेने भारताची मदत थांबवली होती. आता धान्य परदेशांतून खरेदी करावे लागले. ‘मिलो’ म्हणून ओळखली जाणारी तांबडी ज्वारी अनेकांच्या ताटात आली. कित्येक कुटुंबांनी मुंबईची वाट धरली.

गावोगावी रस्ते, बांधबंदिस्ती, पाझर तलाव आणि खडी फोडण्याची कामे निघाली. मे १९७३ मध्ये या दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात पोहोचली. मागेल त्याला काम देणे शासनाचे कर्तव्य आहे, या विचाराला येथे बळ मिळाले. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. जी मदत संकटकाळी दया म्हणून दिली जात होती, ती हक्क ठरली.

शहरात प्रश्न महागाईचा होता. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी आदींच्या पुढाकाराने १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. धान्य, तेल, रॉकेल यांसाठी गृहिणी लाटणी व थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. स्वयंपाकघरातील टंचाई हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्यांनी ठसवले.

४. रौप्यमहोत्सव आणि साहित्य

१९७२ हे स्वातंत्र्याचे रौप्यमहोत्सवी वर्षही होते. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. ‘साधना’च्या स्वातंत्र्यदिन अंकातील राजा ढाले यांच्या ‘काळा स्वातंत्र्यदिन’ या लेखाने, राष्ट्राच्या प्रतीकाला मिळणारे संरक्षण दलित स्त्रीला का मिळत नाही, असा प्रश्न उभा केला. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ याच वर्षीचा. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग पुण्यात १६ डिसेंबर १९७२ रोजी, म्हणजे ढाक्यातील शरणागतीनंतर बरोबर एका वर्षाने झाला. हा योगायोग असला तरी सूचक आहे. विजयाच्या वर्धापनदिनी मराठी रंगभूमीवर सत्तेच्या स्वरूपाची चिकित्सा चालू होती.

५. समारोप

युद्धकाळातील एकजूट खोटी होती, असा याचा अर्थ नाही. युद्धात शासनाने सर्वांकडे त्याग मागितला आणि लोकांनी तो केला. १ कोटी निर्वासितांना सांभाळण्याचे सामर्थ्य देशाने दाखवले होते. ते सामर्थ्य भुकेल्या शेतमजुरासाठी, गृहिणीसाठी आणि दलितांसाठी का वापरले जात नाही, हे विचारण्याचा अधिकार त्या त्यागातूनच आला, असे म्हणता येईल. १९७२ मधील असंतोष हा राष्ट्रभावनेचा अभाव नव्हता. राष्ट्र कोणाचे, याची ती विचारणा होती. या काळातील साहित्य वाचताना ही विचारणा ध्यानात ठेवावी.

आपली प्रगती तपासा

१. १९७२ मधील टपालाच्या पाकिटावरील दोन खुणांमधून शासन व नागरिक यांच्यातील नाते कसे स्पष्ट होते?
२. ‘दुष्काळी मदतीचे रूपांतर हक्कात झाले.’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
३. आपल्या कुटुंबातील किंवा परिसरातील ज्येष्ठ व्यक्तीकडून १९७२ च्या आठवणी ऐका व त्यांतील एक तपशील या घटकातील विवेचनाशी ताडून पाहा.