उरलेल्या धडात अख्खा माणूस

मूर्तीचा हात तुटला की शिंदखेड्याकडे तिचं काय करायचं ते ठरलेलं असतं. पूजेतून काढायची आणि पिंपळाच्या पारावर ठेवायची, नाही तर मुडावदला, पांझरा तापीला मिळते तिथे, सोडून यायची. खंडित मूर्तीत देव राहत नाही, ही आपली श्रद्धा.

व्हॅटिकनमधलं ‘बेल्व्हेडेर टॉर्सो’ हे संगमरवरी धडही खंडितच. डोकं नाही, हात नाहीत, पाय गुडघ्यांपाशी संपलेले. तरी मायकेलअँजेलो त्याच्यापुढे नतमस्तक होता. पुढे फ्रेंच शिल्पकार रोदँनं मुद्दामच बिनडोक्याचा, बिनहातांचा ‘चालणारा माणूस’ घडवला. तेव्हापासून नुसतं धड हेही पूर्ण शिल्प मानलं जाऊ लागलं.

असं धड घडवणं सोपं वाटतं, पण ते पूर्णाकृतीपेक्षा अवघड आहे. माणूस एका पायावर भार देतो तेव्हा त्या बाजूचं कंबरेचं हाड वर चढतं, त्याच बाजूचा खांदा खाली येतो आणि कणा वळण घेतो. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्याजवळ पडतो. धडाला पायच नसतात, म्हणून हा सगळा तोल पोटाच्या आणि कंबरेच्या वळणातच दिसावा लागतो. हात कुठे थांबवायचा, हाही मोठा निर्णय. नेमका सांध्यावर कापला तर निखळलेल्या बाहुलीसारखा दिसतो. खांद्याचा स्नायू थोडा पुढपर्यंत ठेवला, की हात वर उचललेला होता की खाली सोडलेला, ते कळतं. मानेचा ताणलेला स्नायू नसलेल्या चेहऱ्याची दिशा सांगतो.

आपली काळी कपाशीची माती या कामाला चालत नाही. वाळताना आकसते, तडकते. शाडू लागतो. आत सळई-तारेचा सांगाडा, वरून ओलं फडकं आणि शेवटी प्लास्टरचा साचा.

आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार १९५३ साली जे. जे. स्कूलमधून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. सरदार पटेलांच्या १८२ मीटरच्या पुतळ्यामुळे जग त्यांना ओळखतं. मला मात्र त्याआधीची वर्षं जास्त मोलाची वाटतात. १९५४ ते ५८ या काळात ते पुरातत्त्व खात्यात वेरूळ-अजिंठ्याच्या जुन्या शिल्पांच्या दुरुस्तीचं काम करत होते. गेलेला अवयव कसा असेल, हे उरलेल्या दगडातूनच ओळखायचं असतं. धड घडवणाऱ्यालाही हेच ज्ञान लागतं, फक्त तो उलट्या दिशेनं निघतो.

धुळ्याला गेलात तर राजवाडे संशोधन मंडळाच्या संग्रहालयातल्या जुन्या पाषाणमूर्ती जरूर पाहा. एखादी खंडित असेल, तर चेहरा शोधत बसू नका. कंबर बघा आणि भार कोणत्या पायावर होता, ते सांगून पाहा.