सोंग आणि संहार : उन्हाळी शिबिरातील हत्याकथेचे स्वरूप

इंग्रजीतील 'कॅम्प' हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. त्याचा एक अर्थ शिबिर हा होय. दुसरा अर्थ अतिरेकाने नटलेल्या आणि त्या अतिरेकामुळेच रंजक ठरणाऱ्या कृत्रिमतेचा. सूझन सॉन्टॅग यांच्या १९६४ सालच्या 'नोट्स ऑन कॅम्प' या निबंधामुळे तो समीक्षेत रूढ झाला. अमेरिकेतील उन्हाळी शिबिरात घडणाऱ्या हत्याकथेत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. गंभीर वाङ्मयाच्या चर्चेत या कथाप्रकाराला सहसा स्थान मिळत नाही. रक्तपाताचा सोस, ठशातून काढलेली पात्रे आणि आधीच ठाऊक असलेले कथानक हे त्यावरील आक्षेप निराधार नव्हेत. परंतु कथानक आधी ठाऊक असणे हा या प्रकारात केवळ दोष नसून त्याच्या रसास्वादाची पहिली अट आहे, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून त्याचे मर्म उकलत नाही.

अमेरिकेत अशा शिबिरांची प्रथा जुनी आहे. कनेटिकट राज्यातील शिक्षक फ्रेडरिक गन यांनी १८६१ साली आपल्या विद्यार्थ्यांना रानात मुक्कामी नेले, तेथून तिचा आरंभ मानला जातो. पुढे सुटीतील काही आठवडे मुलांना घरापासून दूर, तळ्याकाठी ठेवणे हे मध्यमवर्गीय जीवनाचे अंग बनले. मुलांची देखरेख करणारे बहुधा त्यांच्याहून थोड्याच वर्षांनी मोठे तरुण-तरुणी असतात. हत्याकथा नेमकी या दुबळ्या जागी बोट ठेवते. शॉन कनिंगहॅम यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि व्हिक्टर मिलर यांनी लिहिलेल्या 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) या चित्रपटात जेसन नावाचा मुलगा १९५७ साली क्रिस्टल लेक येथील शिबिरात बुडतो; देखरेख करणारे तरुण त्या वेळी आपल्याच प्रणयात गुंग असतात. अनेक वर्षांनी शिबिर पुन्हा उघडण्याची तयारी चालू असता एकेक तरुण मारला जातो, आणि मारणारी व्यक्ती त्या मुलाची आई निघते. पुढील भागांतील मुखवटाधारी जेसनच्या प्रसिद्धीत हा मूळ धागा झाकला गेला. ज्यांच्या हाती मुले सोपविली त्यांनी ती सांभाळली नाहीत, हे या कथेचे खरे भय आहे.

नारायण धारप यांच्या भयकथांवर पोसलेल्या मराठी वाचकाला येथे एक उणीव प्रथम जाणवेल. धारपांच्या कथांत संकटकाळी 'समर्थ' धावून येतात. अमंगळापेक्षा बलवान असे ज्ञान जगात आहे, असा दिलासा मिळतो. शिबिराच्या कथेत असा वडीलधारा कोणी नाही. उरते ती एक मुलगी. कॅरोल क्लोव्हर यांनी १९८७ च्या एका निबंधात आणि पुढे १९९२ च्या 'मेन, विमेन अँड चेन सॉज' या ग्रंथात तिला 'फायनल गर्ल' असे नाव दिले. ती सावध, बुद्धिमान आणि बहुधा प्रणयापासून अलिप्त असते. तरुण पुरुष प्रेक्षकही अखेरीस तिच्याशीच तादात्म्य पावतो, असे क्लोव्हर यांचे प्रतिपादन आहे. मात्र या संकेतात एक निवाडा दडलेला आहे : जी निष्कलंक तीच जगण्यास पात्र.

अशा कथेतील हास्याचा उगम कोठे? अभिनवगुप्तांच्या मते अनौचित्य हे हास्याचे कारण होय, आणि कोणत्याही रसाचा आभास हास्यात परिणत होऊ शकतो. फसलेल्या भयानकाला हा विचार चपखल लागू पडतो. सॉन्टॅग यांनीही नकळत घडलेला अतिरेक आणि जाणूनबुजून केलेला अतिरेक यांत भेद करून पहिल्याला झुकते माप दिले आहे. तथापि येथे वाचक हसतो आणि त्याच वेळी दचकतोही. कोकणातील दशावताराच्या आरंभी येणारा काळ्या वेषातील संकासुर असाच आहे : मोठी माणसे त्याला हसतात आणि लहान मुले आईच्या पदराआड दडतात. म्हणून 'कॅम्प'च्या दुसऱ्या अर्थासाठी 'भडक' किंवा 'थिल्लर' यांपेक्षा 'सोंग' हा शब्द अधिक जवळचा वाटतो. सोंग खोटे आहे हे सर्वांना ठाऊक असते, तरी ते मनापासून वठवावे लागते. उलट पहिल्या अर्थासाठी सहज सुचणारा 'शिबिर' हा शब्द तितका निर्धोक नाही; त्याला मराठीत संस्कारांचा आणि श्रमदानाचा वास आहे, आणि तळ्याकाठच्या स्वैर मोकळीकीची छटा त्यात उतरत नाही.

शिबिराची हत्याकथा पडद्यावरून कादंबरीत आली. या स्थलांतरात तिने ध्वनीचा आकस्मिक आघात गमावला. खुन्याच्या डोळ्यांनी पाहणारा, पण खुनी न दाखविणारा कॅमेराही तिला पारखा झाला. इंग्रजी गद्य खुन्याचे लिंग सहज लपविते. मराठी क्रियापद ते बहुधा उघड करते. 'आला' म्हणावे की 'आली', असा प्रश्न पडतो. येथे कर्मणी प्रयोग भाषांतरकाराच्या साह्यास येतो : 'कोणीतरी कंदील विझवला', 'कोणीतरी सुरा उचलला' या वाक्यांत कर्ता पडद्याआड राहतो. म्हणजे मराठीतील अज्ञात खुन्याला हवी ती कृती करता येते. भूतकाळात येण्या-जाण्यासाठी मात्र त्याला 'कोणीतरी आले' अशा नपुंसकलिंगी रूपाचा आधार घ्यावा लागतो.

आता या प्रकाराच्या सामर्थ्याचा पुरावा म्हणून स्टीफन ग्रॅहम जोन्स या ब्लॅकफीट आदिवासी जमातीतील लेखकाची 'माय हार्ट इज अ चेनसॉ' (२०२१) ही कादंबरी पाहावी. आयडाहो राज्यातील प्रूफरॉक या काल्पनिक गावी, इंडियन लेक नावाच्या तळ्याकाठी, 'कॅम्प ब्लड' या ओसाड शिबिराचे अवशेष आहेत. क्रिस्टल लेकच्या शिबिराला गावकरी हेच टोपणनाव देतात. जोन्स यांच्या शिबिरात पन्नास वर्षांपूर्वी हत्या झाल्या होत्या. नायिका जेड डॅनियल्स ही सतरा वर्षांची अर्धआदिवासी मुलगी हत्यापटांच्या वेडाने झपाटलेली आहे. इतिहासाच्या शिक्षकांसाठी ती या प्रकाराच्या नियमांवर निबंध लिहिते, आणि ते निबंध कथानकात अधूनमधून येतात. त्यांची भाषा फाजील, विनोदी आणि संदर्भांनी ओसंडणारी आहे. सोंगाचा सारा थाट तेथे आहे. गावात हत्या सुरू होताच जेड आनंदते आणि नव्याने आलेल्या लेथा या श्रीमंत, गुणी मुलीला नायिकेची भूमिका देऊन टाकते. स्वतःला ती त्या जागी कल्पूच शकत नाही.

का, याचे उत्तर कादंबरी हळूहळू उघड करते. जेडच्या पत्रातून लेथाला जे उमगते ते जेडने कोठेही लिहिलेले नसते : घरातच या मुलीवर अत्याचार झाला असावा. जेड ते नाकारते. निष्कलंक तीच वाचते, हा नियम तिने इतका पाठ केला आहे की त्या नियमाने तिलाच बाद ठरविले आहे. येथे वाचकाचे हसू थांबते. इतका वेळ जी बडबड विनोद म्हणून ऐकली ती एका मुलीने स्वतःभोवती उभारलेली भिंत होती, हे ध्यानात येते. क्रिस्टल लेकचा जुना प्रश्नही येथे परततो; फक्त मुले न सांभाळणारी जागा आता शिबिर नसून घर आहे.

या प्रकारावरील नैतिक आक्षेपाला जोन्स यांनी दिलेले उत्तर म्हणूनच विचार करण्याजोगे आहे. त्यांनी संकेत मोडून फेकले नाहीत. ते एका जखमी मुलीच्या हाती दिले आणि त्यांतील निवाडा किती निर्दय आहे हे तिच्याच तोंडून वदविले. 'फायनल गर्ल'ला मराठीत काय म्हणावे, या प्रश्नाचे उत्तरही कदाचित येथेच सापडेल. 'शेवटची मुलगी' म्हणजे धाकटे शेंडेफळ वाटेल. 'उरलेली' म्हटल्यास शिळ्या अन्नाची आठवण होईल. 'वाचलेली' हा शब्द मात्र दोन्ही बाजूंनी खरा आहे. मराठीत जीव वाचतो आणि ग्रंथही वाचला जातो. जेडचे दुःख तिच्या निबंधांच्या ओळींमध्ये कोणीतरी वाचावे लागते. तसे ते वाचले गेले, तरच ती वाचण्याची आशा धरता येते.