वडाखाली बसून धनेश ओळखताना

गुडघे कुरकुरू लागले की रानातील पक्षिनिरीक्षण संपले, असे अनेक ज्येष्ठ वाचक मानतात. धनेशाच्या बाबतीत तरी तसे मानण्याचे कारण नाही. त्याच्यामागे हिंडावे लागत नाही. फळांनी लगडलेला वड, पिंपळ वा उंबर गाठून आपण बसावे. फळे असेपर्यंत धनेश तेथे पुनःपुन्हा येतो.

सह्याद्रीत घोटाळा होतो तो दोन राखाडी धनेशांमध्ये. भारतीय राखी धनेश सुमारे ६० सेंटीमीटर लांब. त्याच्या चोचीवर लहानसे टोकदार शिंग असते. विरळ झाडीत, शहरांतील जुन्या वृक्षांवरही तो दिसतो. मलबारी राखी धनेश दाट रानातला, आकाराने लहान आणि बिनशिंगाचा. म्हणून रंगाआधी चोचीची वरची कड पाहावी. मोतीबिंदूमुळे रंग फिके भासले, तरी आकाशासमोर आकृती पुष्कळदा ओळखता येते. कान साथ देत असतील तर काम अधिकच सोपे. मलबारी राखीचा आवाज कुणी खदखदून हसावे तसा, तर भारतीय राखीची किंकाळी घारीच्या शिळेची आठवण देणारी. काळा-पांढरा, मोठ्या शिंगाचा पक्षी दिसल्यास मान पाहावी. ती काळी असेल तर मलबारी कवड्या, पिवळट असेल तर महाधनेश. महाधनेशाच्या पंखांचा घोष तो दिसण्याआधीच ऐकू येतो.

मान मागे टाकून फार वेळ वर पाहिल्यास घेरी येऊ शकते. बुंध्याशी उभे न राहता थोडे दूर, पाठीला आधार असलेल्या खुर्चीत बसावे. आठपट दुर्बीण पुरे; दहापटीत हाताचा कंप अधिक जाणवतो. दुर्बीण डोळ्यांना लावून एकही पाऊल टाकू नये.

उन्हाळ्यात नर फळे घेऊन एकाच ढोलीकडे जाताना दिसला, तर मात्र मागे सरावे. मादीने ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेतलेले असते. उरते ती एक अरुंद फट. तीतून नर तिला आणि पुढे पिलांनाही भरवतो. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांना त्याची ही धावपळ समजावून सांगायला नको! आपल्या भीतीने तो फिरकलाच नाही, तर आतले जीव उपाशी राहतात. छायाचित्रासाठी नातवंडे पुढे सरसावली, तर त्यांना आपणच थांबवावे.