उतरलेली बॅटरी

गिरगावातील बिऱ्हाड मे महिन्यात कोकणात गेले आणि इकडे मोटारीतला दिवा जळत राहिला, तर शिसे-आम्ल बॅटरी पार उतरते. दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट साचते. ताजे असेपर्यंत चार्जिंगमध्ये ते विरघळते. आठवडे उलटले की त्याचे स्फटिक मोठे व चिवट होतात. म्हणून घाई नको, असे आम्ही म्हणतो. झाकणे उघडणाऱ्या ४० अँपिअर-तास बॅटरीत पट्ट्या बुडतील इतपतच ऊर्ध्वपातित पाणी घालावे (चार्ज होताना पातळी चढते) आणि २ अँपिअरने सावकाश चार्ज करावे. हायड्रोमीटर सहाही घटांत १.२५ च्या आसपास दाखवू लागला, तर आशा आहे. एखादाच घट फार मागे राहिला, तर बॅटरी मोडीत द्यावी. मात्र चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. चाळीच्या बंद खोलीत हा उद्योग नको; मोकळ्या गॅलरीत, शेजारच्या शेगडीपासून दूर, डोळ्यांना चष्मा लावूनच करावा.