शब्दांचा माग : टॅपेस्ट्री

गेल्या आठवड्यात ‘डमास्क’च्या निमित्ताने आपण दमास्कसला जाऊन आलो. आजचा शब्द ‘टॅपेस्ट्री’. भिंतीवर टांगायचे चित्रमय जाड कापड, एवढा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. पण टॅपेस्ट्री ठरते ती विणीवरून.

साध्या कापडात बाण्याचा धागा धोट्याबरोबर या काठापासून त्या काठापर्यंत जातो. टॅपेस्ट्रीत प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. तो रंग नक्षीत जिथवर हवा, तिथवरच धागा न्यायचा आणि मागे फिरवायचा; पुढची जागा दुसऱ्या रंगाची. कापड आधी आणि नक्षी नंतर, असा क्रमच इथे नाही. नक्षी विणता विणताच कापड तयार होते.

हे वाचताना पैठणी आठवली असेल, तर योग्यच आठवली. तिचा पदर याच जातीच्या विणीचा. येवल्याचे विणकर पदरावरचे मोर अशाच सुट्या कांड्यांनी विणतात आणि शेजारशेजारचे धागे एकमेकांत अडकवतात. म्हणून अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. फ्रान्समधली जगप्रसिद्ध ‘बायो टॅपेस्ट्री’ मात्र टॅपेस्ट्री नाहीच! 1066 सालच्या इंग्लंडवरील नॉर्मन स्वारीची ती सुमारे 70 मीटर लांब चित्रकथा लिननवर लोकरीच्या धाग्यांनी भरलेली आहे. ते सगळे सुईचे काम.

शब्दाचा प्रवास असा : जाड लोकरी अंथरूण-पांघरुणाला ग्रीक लोक ‘टापेस’ म्हणत. त्याचे लॅटिनमध्ये ‘टापेटुम’ झाले, फ्रेंचमध्ये ‘तापी’ म्हणजे गालिचा, आणि त्यावरून ‘तापिसरी’. इंग्रजांनी हा शब्द घेतला आणि पुढे त्यात एक जादाचा ‘ट’ शिरला. ग्रीक शब्दामागे इराणी मूळ असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. फारसीत ‘ताफ्तन’ म्हणजे पीळ देणे. आपल्या ओळखीचा ताफ्ता त्यातूनच आला.

उत्तर फ्रान्समधले आरास हे गाव या कामासाठी इतके गाजले, की इंग्रजीत अशा पडद्यालाच ‘ॲरस’ म्हणू लागले. ‘हॅम्लेट’मधला पोलोनियस लपतो तो ॲरसमागेच.

कागदावरच्या नमुन्याची गोष्टही सांगायलाच हवी. सिस्टाइन चॅपेलच्या टॅपेस्ट्रींसाठी पोप दहाव्या लिओने 1515 च्या सुमारास राफाएलकडून नमुने काढून घेतले. अशा पूर्ण आकाराच्या जाड कागदावरच्या चित्राला इटालियनमध्ये ‘कार्तोने’ म्हणतात. आजचे ‘कार्टून’ तिथूनच निघाले. ब्रसेल्सच्या पीटर व्हान आल्स्टच्या कारखान्यात या चित्रांच्या पट्ट्या कापून त्या ताण्याखाली ठेवल्या गेल्या. विणताना चित्राची डावी-उजवी बाजू उलटते, हे जाणून राफाएलने ती चित्रे मुळातच उलटी रचली होती. त्यांपैकी सात आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. श्रेय सगळे राफाएलला मिळते. माझ्या मते त्यातला मोठा वाटा ब्रसेल्सच्या त्या विणकरांचा आहे.

पुढच्या आठवड्यात ‘ब्रोकेड’, आणि त्याचे ब्रोकोलीशी असलेले सख्खे नाते.